सुट्टीतला फोटो : ‘हलू नका’ कशाला?



शाळेच्या परीक्षा संपतात आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची घरे प्रवासाच्या तयारीला लागतात. कोणी मामाच्या गावाला जातो. कोणी मोहर्लीच्या फाटकातून ताडोबा पाहून येतो. कोणी डबा बांधून घोडाझरीच्या तलावावर दिवस काढतो. दक्षिणेकडे वळणारी मंडळी आलापल्लीच्या सागवनातून हेमलकशाला पोचतात आणि पुढे भामरागडला नद्यांचा संगम पाहून येतात. परत आल्यावर शेजारीपाजारी जमतात, चहा होतो आणि फोटो पाहण्याचा कार्यक्रम सुरू होतो.

आम्ही असे कित्येक अल्बम आणि अलीकडे कित्येक मोबाइल पाहिले आहेत. शे-सव्वाशे फोटो असतात. पण पाच-सहा पाहिले की पुढचे सगळे न पाहताच सांगता येतात. वडील मधोमध, आई त्यांच्या बाजूला पदर सावरून, मुले उंचीप्रमाणे ओळीने, आणि लहानग्याची मान कोणीतरी धरून पुढे वळवलेली. मागे कधी तलाव, कधी वाघाचा पुतळा, कधी विहाराचे प्रवेशद्वार. मागची जागा बदलते, माणसे मात्र बदलत नाहीत. ज्या सहलीत पोरे चिंचेच्या झाडावर चढली, धाकटीने चप्पल नदीत सोडली, आजीने पन्नास वर्षांनी झोका घेतला, त्या सहलीचा एकही पुरावा त्या फोटोंत नसतो. सहल झाली, पण फोटो आला तो केवळ हजेरीचा.

असे का होते, याचा विचार आम्हांस करावासा वाटतो.

याला कारण आहे, आणि ते हसण्यासारखे नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीत फोटो ही महाग वस्तू होती. लग्नात एक, नोकरीच्या अर्जासाठी एक, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर एक, आणि माणूस गेल्यावर त्यातलाच एखादा मोठा करून भिंतीवर. ज्यांच्या घरी आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता त्यांचे गावात नाव होते. त्याच्या एका रोलवर १२ फोटो निघत. पुढे ३६ फोटोंचा रोल आला, तरी रोल विकत घ्या, तो धुऊन घ्या, प्रत्येक प्रत काढून घ्या, असा तिहेरी खर्च होताच. एक फोटो वाया गेला म्हणजे पैसे वाया गेले. म्हणून फोटोवाला म्हणे ‘हलू नका’, आणि आपण श्वास धरून उभे राहत असू.

त्या ताठ उभे राहण्यात आणखीही एक गोष्ट होती. ज्या समाजाला धड वस्त्र अंगावर घालण्याचा अधिकार नाकारला गेला, त्या समाजातला माणूस धुतलेला सदरा घालून, हातात पुस्तक घेऊन, कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला. ते उभे राहणे म्हणजे एक घोषणाच होती. बाबासाहेबांचा आपल्या कुटुंबासह राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. शिवाय बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्या फोटोचे मोल आज शब्दांत सांगता येणार नाही. तरीही आम्हांस विचाराल तर त्या फोटोपाशी आपण अधिक रेंगाळतो ते टॉबीमुळे. घरातला कुत्रा फोटोत आला आणि एकदम घर दिसले. महापुरुषाच्या घरीही एक लाडके जनावर होते, हे त्या फोटोने आपल्याला सांगितले.

तात्पर्य, ताठ उभे राहून काढलेल्या फोटोंचा आम्ही मान राखतो. कुटुंबाचा असा एक फोटो दरवर्षी जरूर काढावा. पण आता फोटोला खर्च राहिलेला नाही, आणि ‘हलू नका’ ही आज्ञा मात्र राहिली आहे. ती आता सोडून द्यावी असे आमचे मत आहे.

नकळत टिपलेला फोटो, ज्याला हल्ली ‘कँडिड’ म्हणतात, तो काही आजकालच्या मोबाइलने आणलेला नाही. जर्मनीत १९२५ साली लायका हा हातात मावणारा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि माणसाला थांबवून ठेवण्याची गरजच संपली. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये जाक आंरी लार्तिग नावाच्या मुलाला त्याच्या वडिलांनी कॅमेरा दिला होता. १८९४ साली जन्मलेले हे पोरगे सात-आठ वर्षांचे असल्यापासून घरातल्यांचे फोटो काढू लागले. भाऊ घरी केलेली गाडी पळवतो आहे, चुलत बहीण जिन्यावरून उडी मारते आहे, असे ते फोटो. घर श्रीमंत होते म्हणून त्या वयात कॅमेरा मिळाला, हे खरे. परंतु १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते फोटो मांडले, तेव्हा जगाने मान्य केले की, खेळणारे घर हा एक मोठा विषय आहे.

आम्हांस त्याहून जवळचा वाटतो तो दुसरा एक फोटो. फ्रान्समध्ये कामगारांनी मोठे संप केले आणि जून १९३६ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला की, प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळेल. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने नदीच्या काठावरचा एक रविवार टिपला. काही स्त्री-पुरुष गवतावर पाठमोरे बसले आहेत, जेवण आटोपत आले आहे, एक जण पेल्यात ओततो आहे, समोर पाण्यात नाव उभी आहे. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. साधी माणसे पोटभर जेवून नदीकडे पाहत बसली आहेत, एवढेच त्यात आहे. पण ज्यांच्या मागच्या पिढ्यांना बसायला सवड नव्हती, त्यांचे ते बसणे आहे. म्हणून तो फोटो जगभर गाजला.

आता आपल्याकडे या. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षभराच्या सलग नोकरीनंतर १० दिवसांची पगारी सुट्टी कायद्याने मिळाली. आपल्या जिल्ह्यातील कोळशाच्या खाणीत, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, औष्णिक वीज केंद्रात, सिमेंटच्या कारखान्यांत राबणारी कितीतरी घरे आपल्या समाजाची आहेत. त्या घरातला माणूस आज रजेचा अर्ज टाकून मुलांना घेऊन तलावावर जातो, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. त्याच्या आजोबाला सुट्टी ठाऊक नव्हती. काम नसेल तो दिवस म्हणजे उपाशी राहण्याचा दिवस, एवढेच त्याला माहीत होते. म्हणून घोडाझरीच्या काठावर शर्टाची बटणे सोडून झोपलेल्या बापाचा फोटो, ज्याच्या पोटावर चिमुरडे पोर बसले आहे, तो आम्हांस कोणत्याही सत्काराच्या फोटोइतकाच मोलाचा वाटतो.

मग प्रश्न असा की, घरातल्या प्रत्येकाला सुट्टी मिळते काय?

भगिनींनो, तुमच्या घरचे सहलीचे फोटो काढून पाहा. आई कुठे आहे? ओळीत उभ्या केलेल्या फोटोत ती आहे. बाकीच्या फोटोंत ती एक तर नाही, किंवा अर्धी आहे : पोळीचा डबा पुढे करणारा हात, मुलाचे डोके पुसणारा टॉवेल, चुलीपाशी वाकलेली पाठ. कॅमेरा बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या मुलाच्या हातात असतो, आणि त्यांना आई तेव्हाच आठवते जेव्हा सर्वांना ओळीत उभे करायचे असते. नकळत काढलेला फोटो इथे खरे बोलतो. सहलीच्या दिवसभराच्या वीस फोटोंत आई वीसही वेळा काम करताना दिसली, तर ती सहल तिची नव्हती. स्वयंपाकघरच गाडीत घालून तलावावर नेले होते. असा फोटो पाहून नवऱ्याने आणि मुलांनी पुढच्या वेळी पोळ्या स्वतः लाटल्या, तर त्या फोटोने आपले काम केले असे आम्ही समजू. आईच्याही हातात कॅमेरा द्यावा. तिला काय पाहावेसे वाटते, ते तरी कळेल.

फोटो काढायचे कसे, याबद्दल काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात आणि मुले डोळे मिचकावतात. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरचा उजेड मऊ असतो. दुपारी फोटो काढायचाच असेल तर पडवीत, मांडवाखाली किंवा आंब्याच्या सावलीत काढा. दुसरी गोष्ट उंचीची. उभ्याने खाली पाहून मुलाचा फोटो काढला की मूल बुटके आणि केविलवाणे दिसते. गुडघ्यावर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, म्हणजे त्याचे जग दिसेल. तिसरी गोष्ट धीराची. मोबाइल काढला की मुले पहिल्या पाच मिनिटांत वेडावून दाखवतात. काढू द्या, वेडावू द्या. दहा मिनिटांनी ती तुम्हाला विसरून खेळायला लागतात. खरे फोटो त्यानंतरचे.

चौथी गोष्ट रंगाची. मोबाइलमध्ये चेहरा उजळ करण्याची सोय असते. ती बंद करा. पूर्वी पाश्चात्त्य देशांत रंगीत फिल्मच्या प्रती जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचा नमुना-फोटो वापरत, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यामुळे काळ्या माणसांचे चेहरे फोटोत नीट उमटत नसत, आणि कित्येक वर्षे कोणाला त्याची फिकीर नव्हती. ती चूक यंत्राने केली. आपण आपल्या हाताने आपल्या सावळ्या लेकीला गोरी करायचे, म्हणजे तिला काय शिकवायचे? ती आहे तशीच सुंदर आहे, हे तिला फोटोतूनही कळू द्या.

जागेप्रमाणेही थोडा विचार करावा. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. जवळ कॅमेरा असेल तर सगळ्यांचा डोळा वाघावर असतो. वाघाचे उत्तम फोटो हजारो निघाले आहेत. पण वाघ दिसेल म्हणून श्वास रोखून बसलेल्या तुमच्या पोराचा चेहरा जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. पहाटे फाटकावर शाली पांघरून पेंगणारी मुले आणि परतताना धुळीने भुवया पांढऱ्या झालेली मुले, हे फोटो मोबाइलवरही निघतात. भद्रावतीच्या विजासन लेणीत डोंगराच्या पोटात सरळ आत जाणारी वाट आहे आणि टोकाला बुद्धमूर्ती आहे. तिथे फ्लॅश मारू नका. दारातून येणाऱ्या उजेडात मुलाला चालू द्या. अंधाराकडे जाताना ते मूल आईचे बोट कसे घट्ट धरते, ते पाहा.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५ आणि १६ ऑक्टोबरला खेडोपाडीची घरेच्या घरे येतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली, हे लहान मुलांना अजून नीट समजलेले नसते. त्यांना समजते ती गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, आबांच्या खांद्यावरून दिसणारे निळे झेंडे, आणि रात्री सतरंजीवर एकमेकांना चिकटून झोपणे. पुतळ्यापुढचा एक फोटो काढून झाला की कॅमेरा इकडे वळवा. पुस्तकाच्या स्टॉलवर चवड्यांवर उभी राहून पुस्तकाला हात लावणारी आठ वर्षांची मुलगी, हा त्या दिवसाचा सर्वांत बोलका फोटो ठरेल. तीच गोष्ट दिवाळीनंतरच्या मंडईची आणि झाडीपट्टीच्या नाटकाची. रंगमंचाचा फोटो सगळे काढतात. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या थंडीत एका चादरीत तीन पोरे गुंडाळून नाटक पाहणारी आजी कोणी टिपत नाही.

आता मर्यादांविषयी. हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नकळत फोटो काढण्याची मुभा आपल्याला आपल्या घरातल्या माणसांपुरती आहे, कारण तिथे विश्वास आहे. हेमलकशाला किंवा भामरागडच्या बाजारात गेल्यावर आपली मंडळी माडिया बायकांचे, त्यांच्या उघड्या-वाघड्या लेकरांचे फोटो बेधडक काढतात आणि गटागटांत पाठवतात. त्यांना विचारले जात नाही, त्यांचे नाव विचारले जात नाही, आणि फोटो त्यांना कधी दाखवलाही जात नाही. वाचकहो, एके काळी आपल्या वस्त्यांत येऊन आपल्या दारिद्र्याचे फोटो काढून नेणारे लोक काही कमी नव्हते. तेव्हा आपल्याला कसे वाटले असेल? नमस्कार करावा, दोन शब्द बोलावेत, विचारावे. ‘नको’ म्हटले तर कॅमेरा खिशात ठेवावा. ‘हो’ म्हटले तर नाव विचारावे आणि जमल्यास छापील प्रत पोचवावी. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते त्यांच्यात वर्षानुवर्षे वावरून. म्हणून ते फोटो पाहताना कणव येण्याआधी मान झुकते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एक लक्षात ठेवावे. आपल्या सुट्टीचा मे महिना हाच या जंगलातल्या माणसांच्या तेंदूपानांच्या कामाचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून ७० पानांचा एक असे पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्या घरच्या मुलांनाही शाळेची सुट्टीच असते. ती पुडे बांधण्यात जाते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्या वाघाच्या दर्शनासाठी आपण पैसे मोजून जातो, त्याच जातीच्या जनावराच्या भीतीने एखादे घर रात्रभर जागे असते. गाडीच्या खिडकीतून त्या बायकांचा फोटो काढताना मुलांना एवढे तरी सांगावे. मुले समजूतदार असतात, सांगितले तर ऐकतात.

आपल्या मुलांचाही मान राखायचा असतो. नागडे अंघोळ करणारे, रडून नाक गळणारे, चड्डी ओली झालेले मूल आपल्याला गोंडस वाटते. तेच मूल बारा वर्षांचे झाल्यावर तो फोटो साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये आहे, या कल्पनेने मेल्याहून मेले होते. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. त्याच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगीपणाचा हक्क सांगितला आहे. घरच्या अल्बममधला फोटो वेगळा आणि चव्हाट्यावरचा वेगळा. मोठ्या मुलांना विचारूनच फोटो बाहेर पाठवावेत. तसेच तलावाच्या काठावर, धरणाच्या भिंतीवर ‘जरा मागे सरक’ असे कोणालाही म्हणू नये. एका फोटोपायी जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो, तेवढ्या पुरे झाल्या.

शेवटी एक सूचना. मोबाइल हरवतो, बिघडतो, पाण्यात पडतो, आणि त्यासोबत पाच-सहा वर्षांचे घर बुडते. म्हणून प्रत्येक सुट्टीनंतर घरातल्या सर्वांनी मिळून १२ फोटो निवडावेत, जुन्या क्लिक थ्रीच्या रोलइतके. त्यात निदान दोन आईने काढलेले आणि दोन मुलांनी काढलेले असावेत. ते छापून घ्यावेत. प्रत्येकाच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने तारीख, गाव आणि दिसणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे. बाबा, आजी, मावशी एवढेच लिहू नये, कारण पन्नास वर्षांनी कोणाची आजी ते कळणार नाही. आपल्या मागच्या पिढ्यांची नावे दप्तरांत कर्जदार, मजूर, बलुतेदार म्हणूनच राहिली. ती माणसे हसली कशी, झोपली कशी, लेकरांना खेळवले कसे, याची नोंद कोणी ठेवली नाही, आणि आता ती कोठूनही आणता येणार नाही.

पुढच्या पिढीसाठी मात्र ती आपण ठेवू शकतो. उद्या नात आजीला विचारील, तू कधी काम सोडून नुसती बसली होतीस का गं? तेव्हा आजीला उत्तर शोधावे लागू नये. कपाटातून अल्बम काढावा आणि दाखवावे : ही बघ मी, घोडाझरीच्या पाण्यात पाय सोडून.